पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं

एप्रिलच्या भर दुपारी कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर अनवाणी उतरून पाहावं. वाळू पाय ठेवू देत नाही. पोरं टाचा उचलत, उड्या मारत पाण्याकडे धावतात आणि पहिल्या लाटेत घोटे बुडाले की हुश्श करतात. त्याच किनाऱ्यावर रात्री नऊ-दहाला परत जावं. आता वाळू गार पडलेली असते आणि पाणी कोमट लागतं. दिवसभर ऊन दोघांवर सारखंच पडलं. वाळूने ते घेतलं आणि सूर्य बुडताच टाकून दिलं. पाण्याने पोटात ठेवलं. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवताना हा नियम एका ओळीत सांगतात : जमीन लवकर तापते, लवकर निवते, पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं. दोन गुणांसाठी आपण ही ओळ पाठ केली आणि विसरून गेलो. समुद्र तापतो आहे म्हणजे नेमकं काय होतं आहे, हे समजून घ्यायला मी निघालो, तेव्हा वाट फिरून फिरून याच ओळीपाशी येत राहिली. या पुस्तकात जे काही सांगायचं आहे, ते तिच्या दोन अर्ध्यांत मावतं. पाणी उशिरा तापतं म्हणून आपण आजवर वाचलो. ते उशिरा निवतं, याचा हिशेब आता सुरू झाला आहे.

या विषयाकडे मी आलो तो एका रापणीमुळे. सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर सकाळी रापण ओढली जात होती. होडीने अर्धवर्तुळात जाळं टाकून दोन्ही दोर किनाऱ्यावर आणलेले, आणि तीस-चाळीस माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून ते दोर खेचत होती. बाजूला, वाळूवर उलटी ठेवलेल्या होडीला टेकून, एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तरुणपणी ते किनाऱ्यावर उभे राहून पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झेप पाहून बांगड्याचा थवा ओळखत. ते हात वर करीत आणि मग होडी सुटे. त्या दिवशी रापणीत मासळी बेताचीच आली. मी त्यांना विचारलं, दर्या बदलला का? ते म्हणाले, “दर्यो तोच आसा, पण पाणी ता रवला नाय.” समुद्र तोच आहे, पण पाणी ते राहिलं नाही. हे वाक्य अनुभवाचं होतं. त्यामागे मोजमाप आहे का, हे शोधायला मी निघालो. आहे, आणि भरपूर आहे.

आधी कारण पाहू. माणसाने कोळसा, तेल आणि वायू जाळून हवेत जे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू सोडले, त्यांच्यामुळे पृथ्वीवर जादा उष्णता अडकून राहते. १९७० नंतर साठत गेलेल्या या जादा उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने घेतली आहे. जमिनीच्या वाट्याला पाचेक टक्के आली, बर्फ वितळवण्यात तीनेक टक्के गेली, आणि ज्या हवेच्या तापण्याबद्दल आपण रोज वाचतो तिच्याकडे जेमतेम एक टक्का उरला. एवढं समुद्राने घेतलं कसं? एक किलो हवा एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या चौपट एक किलो पाण्याला लागते. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन. त्यामुळे समुद्राच्या वरच्या दोन-तीन मीटर थरातच अख्ख्या वातावरणाएवढी उष्णता मावते, आणि समुद्राची सरासरी खोली आहे सुमारे ३,७०० मीटर. त्याने हा भार उचलला नसता, तर ज्या हवेत आपण श्वास घेतो ती राहण्याजोगी उरली नसती.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. समुद्राला तापवतो तो सूर्यच, आणि तो पूर्वीही तापवत होता. बिघडलं आहे ते निवणं. दिवसा घेतलेली उष्णता समुद्र रात्री, ढग नसताना, वाऱ्याबरोबर, बाष्पाबरोबर परत देत असतो आणि तिच्यातली काही अवकाशात निघून जाते. हवेतले हे वायू त्या परतीच्या वाटेवर आडवे येतात. कार्बन डायऑक्साइड भरलेली काचेची नळी उन्हात जास्त तापते आणि निवायला वेळ घेते, हे युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ साली प्रयोगाने दाखवलं होतं. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी त्यामागची क्रिया मोजली, तर १८९६ मध्ये स्वांटे अऱ्हेनियस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडलं. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग १९५८ पासून हवेतला हा वायू मोजू लागले, तेव्हा दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. यंत्रयुगाआधी तो २८० च्या आसपास होता आणि आज ४२० च्या वर गेला आहे. म्हणजे समुद्राच्या निवण्यात अडथळा येतो हे आपल्याला काल-परवा कळलेलं नाही. ते कळून दीडशे वर्षं उलटली आहेत.

कुणी विचारेल, अफाट समुद्राचा ताप मोजला कुणी? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. जुन्या काळी जहाजावरून दोराने बादली सोडत, पाणी वर ओढून त्यात तापमापी बुडवत आणि नोंदवहीत आकडा लिहीत. लाकडी बादल्यांच्या जागी पुढे कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हासमधून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं पाणी गार होतं, अगदी आपल्या माठासारखं. त्यामुळे त्या नोंदी खऱ्यापेक्षा थोड्या कमी निघत. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवू लागले, तर ते इंजिनघराच्या उष्णतेमुळे थोडं जास्त निघे. शास्त्रज्ञांनी अशा लाखो नोंदी घेऊन, कुठल्या काळात कुठली बादली वापरली जाई याचा शोध लावून, एकेक चूक दुरुस्त केली. हे काम अत्यंत चिकाटीचं आहे. समुद्राच्या तापाचे आकडे वाचताना मला नेहमी त्या माठासारख्या पाझरणाऱ्या बादलीची आणि ती हिशेबात धरणाऱ्या माणसांची आठवण होते.

ब्रिटनचं चॅलेंजर जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरून खोल समुद्राचं तापमान मोजत होतं. त्या नोंदी आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा पृष्ठभागाजवळ सुमारे ०.६ अंश सेल्सिअसची वाढ दिसली. आजच्या नोंदी देतात ते आर्गो तरंगक. माणसाएवढ्या उंचीची ही नळकांडी हजार मीटर खोल जाऊन वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात, वर येताना तापमान आणि खारटपणा टिपतात आणि पृष्ठभागावर आल्यावर उपग्रहाला कळवतात. जगाच्या समुद्रांत अशी सुमारे चार हजार नळकांडी आहेत. भारतातर्फे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था या कामात आहे. मच्छीमारांना मासळी कुठे मिळेल याचा अंदाज देणारीही हीच संस्था. गार आणि कोमट पाणी जिथे एकमेकांना भिडतं तिथे मासळी जमते. उपग्रहाने पाहिलेल्या तापमानावरून ती जागा काढता येते. मासळी आणि पाण्याचा ताप यांचा संबंध किती जवळचा आहे, ते एवढ्यावरून कळावं.

हे पुस्तक मी अरबी समुद्रापुरतं ठेवलं आहे. आपल्या दाराशी आहे म्हणून, आणि शास्त्राच्या दृष्टीने तो फार बोलका आहे म्हणूनही. नकाशा उघडून पाहा. प्रशांत आणि अटलांटिक हे महासागर उत्तरेला ध्रुवीय पाण्यापर्यंत पोचतात. हिंदी महासागराला मात्र उत्तरेला आशिया खंडाची भिंत आहे. विषुववृत्ताजवळ साठलेली उष्णता उत्तरेकडे वाहून नेऊन गार पाण्यात सोडायला त्याला वाटच नाही. त्यात इंडोनेशियाच्या बेटांमधून प्रशांत महासागराचं कोमट पाणी इकडे येत राहतं. परिणाम असा, की १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे एक अंशाने तापला, तर जगाच्या समुद्रांची सरासरी वाढ ०.७ अंश होती. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालातले हे आकडे आहेत. तो अहवाल तयार करण्यात पुढाकार होता पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचा. गोव्यात दोना पावला इथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आपल्या समुद्राचा अभ्यास करणाऱ्या दोन मोठ्या संस्था मराठी वाचकाच्या इतक्या जवळ असताना त्यांचं काम मराठीत फारसं आलेलं नाही, याची मला खंत वाटत आली आहे.

एक अंश म्हणजे काय मोठं, असं वाटू शकतं. आपल्या अंगात एक अंश ताप चढला तर आपण पडून राहतो. मासा तर जन्मभर त्याच पाण्यात असतो. पण मासळीचं दुखणं याहून खोल आहे. पावसाळ्यातला वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी दूर ढकलतो आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. त्या पाण्यात खत असतं. त्यावर वनस्पती प्लवक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा तरंगता झाडोरा, वाढतो. प्लवकावर तारली जगते, तारलीवर सुरमई. वरचं पाणी जास्त तापलं की हलकं होतं आणि दुधावर साय धरावी तसं खालच्या पाण्यावर पसरून राहतं. मग खालचं खत वर येत नाही. पुण्याच्या संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागरातलं हे प्लवक सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटलं आहे. शेतातलं गवतच कमी झालं, तर दुभत्याने काय खावं?

आणखी एक गोष्ट चुलीवर पाहता येते. पातेल्यात पाणी तापत ठेवलं की उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी तळाशी आणि कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा असते. पाणी तापलं की ते तिला धरून ठेवू शकत नाही. समुद्राचंही तसंच. अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू अत्यंत कमी असलेला प्रचंड पट्टा आधीपासून आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा पट्ट्यांपैकी एक. वरून साय आणि खालून गुदमर, अशा पाण्यात मासळीचा वावर आकसतो. ती दुसरीकडे सरकते किंवा खोल जाते. एकेकाळी मुख्यतः केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याची असलेली तारली उत्तरेकडे आणि थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरली. खुद्द केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती; २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. पुढे ती पुन्हा सावरली, पण ज्या कोळणीच्या पाटीत त्या मधल्या वर्षांत मासळीच नव्हती, तिची ती वर्षं परत आली नाहीत.

प्रवाळाला तर दुसरीकडे जाताही येत नाही. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न देतं आणि रंगही. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि हाडासारखा पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर झालं. मालवणच्या सागरी अभयारण्यातल्या प्रवाळांवरही अभ्यासकांनी ते नोंदवलं आहे. पाणी लवकर निवलं तर प्रवाळ सावरतो. पण अशा दोन तापलेल्या उन्हाळ्यांमधला अवधी आता आखूड होत चालला आहे.

किनाऱ्यापासून दूर, मराठवाड्यात किंवा विदर्भात राहणाऱ्या वाचकाला वाटेल की हे कोळ्यांचं दुःख आहे. त्याने पुन्हा भूगोलाच्या त्या ओळीकडे यावं. नैऋत्य मोसमी वारे म्हणजे अवाढव्य प्रमाणावरचे खारे वारेच. मे-जूनमध्ये जमीन समुद्राहून जास्त तापते, आणि त्या फरकाच्या ओढीने समुद्राचं बाष्प आपल्या शेतांवर येतं. समुद्रच तापला की हा फरक कमी होतो. कोल यांच्या २०१५ च्या अभ्यासात १९०१ ते २०१२ या काळात मध्य आणि उत्तर भारताच्या मोठ्या भागात पावसाळी पाऊस घटल्याचं दिसलं, आणि त्यामागे हिंदी महासागराचं तापणं हे एक प्रमुख कारण असल्याचं त्यांनी मांडलं. पण तापलेली हवा दर अंशाला सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून जेव्हा पडतो तेव्हा पाऊस कोसळतो. मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. आधी लांबलेली उघडीप, पेरणी वाया, मग एका दिवसात शेत वाहून जाणं : शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, तो ते भोगतो. त्याच्या बांधावरच्या या गोष्टीचं एक टोक अरबी समुद्रात आहे, एवढंच मला त्याला सांगायचं आहे.

आणि वादळं. चक्रीवादळ उभं राहायला समुद्राचं पाणी सुमारे साडेसव्वीस अंशांच्या वर असावं लागतं. अरबी समुद्र एप्रिल-मेमध्ये आता तीस अंशांच्या आसपास आणि कधी त्याहून वर असतो. एके काळी वादळं म्हणजे बंगालच्या उपसागराची, असंच आपण धरून चालत होतो. २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं. २०१७ च्या अखेरीस ओखीने केरळ-तामिळनाडूच्या मच्छीमारांचे जीव घेतले आणि त्यांच्या कित्येक नौका आपल्या देवगड बंदरात आश्रयाला आल्या. २०१९ या एकाच वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. त्यांतल्या क्यारने कापणीला आलेलं कोकणातलं भात भिजवून आडवं केलं. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यालगत गुजरातकडे गेलं आणि मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून कितीतरी कामगार प्राणाला मुकले. यांतलं अमुक एक वादळ समुद्राच्या तापण्यानेच झालं, असं मी म्हणणार नाही. वादळं पूर्वीही होत. पण तापलेलं पाणी हे वादळाचं इंधन आहे, आणि ते आता आपल्या समुद्रात मुबलक आहे.

समुद्राची पातळी वाढते त्यामागे बर्फ वितळण्याइतकाच पाण्याच्या फुगण्याचा वाटा आहे. १९७१ ते २०१८ या काळातल्या वाढीपैकी जवळजवळ निम्मी वाढ पाणी तापून प्रसरण पावल्यामुळे झाली. उधाणाची भरती खारबंदिस्तीचा बांध ओलांडते, विहिरीचं पाणी मचूळ लागतं, भातखाचरात मीठ फुटतं. या गोष्टी वर्षाला काही मिलिमीटरच्या वेगाने चालत येतात, म्हणून बातमीत येत नाहीत.

हे सगळं मांडताना एक पथ्य मी पाळलं आहे. समुद्राचं प्रत्येक दुखणं उष्णतेच्या माथी मारलेलं नाही. मासळी घटण्यात पर्ससीन जाळ्यांचा, प्रखर दिव्यांवर केलेल्या मासेमारीचा, बारीक आसाच्या जाळ्यात अडकणाऱ्या पिल्लांचा वाटा मोठा आहे. खाड्यांत सोडलेलं सांडपाणी, तोडलेली कांदळवनं आणि किनाऱ्यावरचे भराव हे सगळं आपण इथेच केलेलं आहे. आधीच अशक्त झालेल्या माणसाला ताप भरावा, तसं हे आहे. म्हणून उपायही दोन पातळ्यांवरचे आहेत. पिल्लं वाचवणं, कांदळवन राखणं, वादळाचा इशारा शेवटच्या होडीपर्यंत पोचवणं, हे आपल्या हातात आहे आणि ते आजच करता येतं. कोळसा आणि तेल जाळणं कमी करणं हे साऱ्या जगाचं काम आहे, आणि त्यात आपलाही वाटा आहे.

त्या दुसऱ्या कामाबद्दल वाचकाशी खरं बोललं पाहिजे. उद्या सगळ्या चिमण्या थंडावल्या तरी समुद्र उद्या गार होणार नाही. खोल पाण्यात गेलेली उष्णता वर यायला शतकं लागतील आणि पातळीही शतकानुशतकं वाढत राहील. पाणी उशिरा निवतं. मग करायचं कशासाठी, असं मला अनेकांनी विचारलं आहे. त्याचं उत्तर मला श्रीवर्धनमध्ये मिळालं.

निसर्ग वादळानंतरच्या पावसाळ्यात मी तिथल्या वाड्यांत फिरलो. पोफळी काडीसारख्या मधोमध मोडून पडल्या होत्या, माड मुळासकट उलथले होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या सावलीत असलेल्या वाडीत लख्ख ऊन पडलं होतं. एका वाडीत साठी ओलांडलेले एक काका पोफळीची रोपं लावत होते. चिखलात बसून, हाताने आळं करून, एकेक रोप. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी काही विचारलं नाही. त्यांनीच मान वर न करता सांगितलं, की आजोबांनी लावलेल्या पोफळींवर आपण आयुष्य काढलं.

उशिरा फळणाऱ्या झाडाचा हिशेब ज्यांना कळतो, त्यांना उशिरा निवणाऱ्या समुद्राचाही कळेल. अंशाचा दहावा भाग जरी आपण वाचवला, तरी तो प्रवाळाला सावरायला मिळालेला एक उन्हाळा असेल, वादळातून परत आलेली एक होडी असेल, वेळेवर पडलेला एक पाऊस असेल. तो पाहायला आपण असू किंवा नसू. पुढची प्रकरणं वाचताना वाचकाने एवढं मनात ठेवावं, आणि जमलं तर एखाद्या रात्री किनाऱ्यावर जाऊन त्या कोमट पाण्यात पाय बुडवून पाहावेत. दिवसभराचं ऊन अजून तिथेच असतं.